पितराचे पान आणि पोटाचा पट्टा

॥ श्री ॥
पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
गुरुपौर्णिमा, १० जुलै २०२५

श्रीमती द्वारकावहिनींना श्रीनिवासचा आदरपूर्वक नमस्कार.

फोन कानाला लावला की आपणांस नुसती गुणगुण ऐकू येते, असे चि. सुदर्शन सांगतो. म्हणून आपला जुना मार्गच बरा. पत्र त्याच्या अद्रकाच्या गाडीतून पाठवीत आहे. ते आपणांस वाचून दाखवण्याची व उत्तर लिहून घेण्याची जबाबदारी नेहमीप्रमाणे त्याची लेक चि. श्रेया हिची.

गेल्या महिन्यात आमरसाच्या जेवणास मी आलो नाही. माझा मित्र पुंजाराम गेल्यापासून त्या जेवणात पडलेला हा पहिला खंड. आपण रुसला असाल, आणि तो आपला अधिकारच आहे. कारण इतकेच की मी एक नियम अंगीकारला आहे. आहार अत्यल्प. प्रत्येक घास पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, बोलणे नाही. चमचाही चहाचा. पूर्वी ज्या अवधीत मी तीन पोळ्या संपवीत असे, त्या अवधीत आता वाटीभर मऊ खिचडी अर्धी होते. सौ. भानुमती म्हणते, "चाळीस वर्षे मी पोळ्या लाटून दमले, आता तुमचे चावणे मोजून दमते."

पहाटे स्नानसंध्या आटोपून दौलताबादच्या रस्त्याने चालायला जातो. आरंभी कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत जाताना धाप लागत असे. आता किल्ल्याचा माथा दिसेपर्यंत जातो. शास्त्रकारांनी सांगितलेच आहे की पोटाचे दोन भाग अन्नाने भरावेत, एक पाण्याने, आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा. तीस वर्षे हे विद्यार्थ्यांना शिकवले. स्वतःच्या पोटाचे मात्र चारही भाग मी अन्नालाच दिले होते.

चि. श्रेया बारावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली, हे ऐकून फार आनंद झाला. पुढे काय योजले आहे, ते अवश्य कळवावे.

आपला,
श्रीनिवास


देवगाव रंगारी
२२ जुलै २०२५

भावजींना द्वारकाबाईचा नमस्कार.

श्रेया लिहू राहिली, मी सांगू राहिले. ती मधीच हसती, तिकडं ध्यान देऊ नका.

नियम-बियम ठीक हाय. पण भावजी, सुदर्शन म्हणला तुम्ही जूनमधी दवाखान्याच्या दारात दिसले होते, ढगळा सदरा घालून. मी म्हणलं गुडघ्याचं असंल. गुडघेच तुमचे, बिचारे किती वरसं वझं वाहतील!

आता कामाचं ऐका. श्रेयाला नर्सिंगला जायचं हाय, तुमच्याच शहरात. सुदर्शन नाय म्हणत होता. पंधरा दिवस बापलेकीचं बोलणं बंद. मंग मी म्हणलं, पोरगी जाईल. घरात माझाच हुकूम चालतो, हे तुम्हाला ठावंच हाय.

पण एक सांगते, कुणाला सांगितलं नाय. माझ्या रूपाचा डी.एड.ला नंबर लागला व्हता, तवा ह्यांनी पाठवलं नव्हतं. लई रडली पोर. मंग सिल्लोडला दिली. आता मी नातीला पाठवू राहिले. हे असते तर काय म्हणले असते? झोपताना रोज हेच डोक्यात येतं.

म्हणून पितरपंधरवड्यातल्या ह्यांच्या पंचमीची वाट पाहते. तुमचा नियम त्या दिवशी खुंटीला टांगायचा. त्या दिवशी तुम्ही भावजी नसता, आमचं पितर असता. ह्यांच्या नावचं पान तुमच्यापुढं. उडदाचे वडे, कढी, गव्हाची खीर, गवार, भोपळा, सगळं करते. दर साली जेवण झालं की मी इचारते, "पोट भरलं का?" तुम्ही म्हणता, "भरलं." मंग मी सालभर निवांत. औंदा त्या 'भरलं'ची मला लई गरज हाय.

तुमची वहिनी,
द्वारकाबाई

(गुरुजी आजोबा, मी हसत नाहीये. आजी वडे किती करायचे ते आत्तापासून मोजतेय, म्हणून हसू आलं. – श्रेया)


देवगाव रंगारी
१२ सप्टेंबर २०२५

भावजींना नमस्कार.

काल पंचमी झाली. तुम्ही काय बोलल्याबिगर गाडीत बसून गेले. रात्रभर डोळ्याला डोळा नाय.

भावजी, अकरा वरसांत असं झालं नव्हतं. पान वाढलं, निखाऱ्यावर घास टाकला, कावळा बी लगेच आला. म्हणलं, खूश हायेत. तुम्ही पाणी फिरवलं, डोळे मिटले, भाताचे बारके बारके घास घेतले. तिसऱ्या का चौथ्या घासाला तुमचं तोंड असं झालं, जसं कुणी छातीत बुक्की मारली. आन तुम्ही उठले. पितर भरल्या पानावरून उठलं. वड्याला बोट लागलं नाय. मला इचारता बी आलं नाय, पोट भरलं का म्हणून.

मी समजले. ह्यांना मान्य नाय. रूपाला नाय म्हणले व्हते, श्रेयालाबी नायच म्हणू राहिले. जित्या माणसाशी भांडता येतं, गेलेल्याशी कसं भांडावं? श्रेया जाणार नाय. सुदर्शनला सांगितलं, फारम ठेवून दे. तो अंगणात जाऊन बसला.

तुमचा राग नाय. तुम्ही निमित्त.

द्वारकाबाई

(गुरुजी आजोबा, वरचा एकही शब्द मी बदललेला नाही. आजीने 'श्रेया जाणार नाय' म्हटल्यावर मी विचारलं, "लिहू का?" ती म्हणाली, "लिही." मी लिहिलं. तुम्ही गोठ्यामागे ओकत होतात, ते मी पाहिलं. घास जसाच्या तसा बाहेर आला होता. मी कोणाला सांगितलं नाही, कारण तुम्ही तोंड पुसून आधी इकडेतिकडे पाहिलंत. तुम्हाला काय झालंय? कागदपत्रं द्यायची शेवटची तारीख चोवीस आहे. – श्रेया)


॥ श्री ॥
पडेगाव
१४ सप्टेंबर २०२५

श्रीमती द्वारकावहिनींना साष्टांग नमस्कार.

आपले पत्र वाचले आणि लगेच लेखणी घेतली. पुंजारामने काहीही नाकारलेले नाही, वहिनी. पानावरून उठला तो श्रीनिवास. आणि तो का उठला, हे आपणांस सांगण्याचे धैर्य त्याला तीन महिने झाले नाही.

मी जूनच्या बारा तारखेस शस्त्रक्रिया करवून घेतली. गुडघ्याची नव्हे, पोटाची. जठराच्या वरच्या तोंडाशी एक मऊ पट्टा बसवला आहे. त्यामुळे वर एक चिमुकली पिशवी तयार होते. ती चार-सहा चमच्यांत भरते, आणि अन्न तिथून हळूहळू खाली झिरपते. पोटाच्या त्वचेखाली एक लहानशी डबी आहे. डॉक्टर तिच्यात सुईने खारे पाणी भरतात, की पट्टा आवळतो. हल्ली बहुतेकांच्या जठराचा भागच कापून काढतात, असे ते म्हणाले होते. मी म्हटले, "भगवंताने दिलेले परत करायचे ते एकदाच सगळे करीन, हप्त्याने नको." ते हसले आणि पट्ट्याला तयार झाले. माझे वजन तेव्हा एकशे अठरा किलो होते. साखर वाढलेली, गुडघे झिजलेले. आज वजन एकशे तीन आहे. सोवळ्याला पुन्हा दोन निऱ्या जास्त पडू लागल्या आहेत.

मग हे लपवले का? लाजेने. मिताहारावर प्रवचने करणाऱ्या माणसाला स्वतःची जीभ आवरण्यासाठी पोटाला कुलूप घालून घ्यावे लागले, हे कोणत्या तोंडाने सांगावे? म्हणून मी 'नियम' हा शब्द योजला. त्यात असत्य एकही अक्षर नव्हते आणि सत्यही पुरते नव्हते. असे झाकलेले सत्य उघड्या असत्याहून अधिक घात करते, हे मला या वयात एका मुलीच्या शिक्षणाच्या मोलाने शिकावे लागले.

आता पंचमीचे ऐका. तिच्या दोनच दिवस आधी पट्टा आवळला होता. आहारतज्ज्ञ बाईंनी बजावले होते, "काका, आठवडाभर फक्त पातळ." मी मान डोलावली आणि मनात म्हटले, पितराचे पान कसे टाळू? वडे आणि खीर अर्धीच घेईन, इतके मात्र ठरवले होते. पण घोटाळा वड्यांपर्यंत पोहोचलाच नाही. आपण जे बारके घास पाहिलेत, त्या प्राणाहुती. जेवणाच्या आरंभी पंचप्राणांना पाच घास अर्पण करतात, आणि त्यांना दात लावायचा नसतो. तसेच गिळायचे असतात. मुंजीपासून पंचावन्न वर्षे मी हे करीत आलो. घरी पट्टा बसल्यापासून खिचडी-पेजेवर होतो, तिथे ते निभावले. आपल्याकडे मोकळा, शितांचा भात होता. पहिली आहुती उतरली. दुसरी थबकली. तिसरी तिच्यावर जाऊन बसली, आणि छातीत जणू कोणी पाचर ठोकली. डॉक्टरांनी प्रत्येक घास पंचवीस वेळा चावायला सांगितला होता. परंतु देवाचे घास त्या हिशेबात येतात, हे ना त्यांना सुचले ना मला.

जे झाले ते इतकेच. ही पितराची नाराजी नव्हे, पुरोहिताचा मूर्खपणा होय. आपण श्रेयाला थांबवू नये, ही हात जोडून विनंती.

अपराधी,
श्रीनिवास

चि. श्रेया, तू पाहिलेस आणि झाकलेस, याबद्दल तुझा ऋणी आहे. परंतु माझ्यासाठी पुन्हा काही झाकू नकोस.


देवगाव रंगारी
१६ सप्टेंबर २०२५

भावजींना नमस्कार.

पत्र दोनदा वाचून घेतलं. लई गोड लिहिता तुम्ही, ते पैलेपासून माहीत हाय.

पण भावजी, मी बी काय काल जन्मले नाय. पोटाला पट्टा! बैलाला पट्टा ऐकला, पंपाला पट्टा ऐकला. माणसाच्या पोटात पट्टा, वर त्याला खारं पाणी? श्रेयानं फोनवर चित्र दाखवलं. चित्रात काय, माकडबी इमान चालवतं.

तुम्ही मायाळू. पोरीचं नुकसान नको म्हणून तुम्ही गोष्ट रचली. हे असते तर हेच म्हणले असते, "श्रीनिवास दुसऱ्यासाठी खोटं बोलंल, सोतासाठी नाय." सुदर्शन म्हणतो, "आई, खरं असंल." त्याला लेक पाठवायचीच हाय आता, त्याचं काय!

म्हणून माझं ऐका. येत्या रविवारी सर्वपित्री अमावस्या. राहिलेल्या समद्या पितरांचा दिवस. तुम्ही या. ह्यांच्या नावचं पान मी परत मांडते. त्याच्यावर बसा, आन मंग जे सांगायचं ते सांगा. पितराच्या पानावर बसून कुणी खोटं बोलत नाय. तुमच्या तोंडून तिथं निघंल, ते मी मानीन. पोरीचं जाणं का राहणं, तिथंच ठरंल.

द्वारकाबाई

(गुरुजी आजोबा, एक्स-रे असेल तर आणा. पण आजी त्यालाही 'चित्र' म्हणेल. – श्रेया)


॥ श्री ॥
पडेगाव
१८ सप्टेंबर २०२५

श्रीमती द्वारकावहिनींना नमस्कार.

येतो. सोबत भानुमती येईल. डॉक्टरांना विचारले, पट्ट्यातले थोडे पाणी त्यांनी काढून घेतले आणि अगदी मऊ अन्नाची मुभा दिली. वडे आपण कावळ्यासाठी व घरच्यांसाठी अवश्य करावेत. मला गव्हाची खीर, खूप शिजवलेली, आणि मऊ गुरगुट्या भात, एवढेच पुरे. पानावर वाटी, वाटीत चहाचा चमचा. वेळ मात्र पाऊण तास लागेल. तेवढा वेळ कोणी आग्रह करू नये.

दोन दिवस एकच चिंता मन कुरतडीत होती. ज्याला पोटभर जेवता येत नाही, त्याने पितराच्या स्थानी बसावे काय? शेवटी असे वाटले की यजमान जेवणाऱ्याला "किती जेवलात?" असे कधीच विचारीत नाही. तो विचारतो, तृप्त झालात का? त्या प्रश्नाचे उत्तर मला खरे देता यावे, एवढीच प्रार्थना करून निघेन.

मात्र एक गोष्ट आधीच सांगतो, वहिनी. त्या पानावर बसून मी जे जाणतो तेच सांगेन. जे जाणत नाही, ते श्रेयासाठीसुद्धा सांगणार नाही.

आपला,
श्रीनिवास


देवगाव रंगारी
२२ सप्टेंबर २०२५

भावजींना द्वारकाबाईचा नमस्कार.

तुम्ही गेल्यापासून घरात समदे तुमची नक्कल करू राहिले. सुदर्शन चहा बी चावून पितो.

काल काय झालं ते तुम्हाला ठावं, पण माझ्या आतमधी काय झालं ते तुम्हाला ठावं नाय. म्हणून हे पत्र.

तुम्ही पानावर बसले. मी पुढ्यात बसले, पदर डोक्यावर, पोलिसासारखी. तुम्ही पैल्यांदा म्हणले, "वहिनी, पट्टा आहे. खरे आहे." म्हणलं, बघू. मंग तुम्ही प्राणाहुती घेतल्या, आन चावल्या! भानुवैनी घड्याळ धरून बसलेल्या. हळूच म्हणल्या, "देवाला दात लावले हो यांनी." तुम्ही डोळे वटारले, बोलता येईना. कावळ्यानं दोनदा येऊन त्याचं खाल्लं, शेजारच्या गोकुळच्या कोंबड्या आल्या, त्यांना हाकललं, तरी तुमचा दुसरा चमचा तोंडातच. तवाच मला पट्टा कबूल झाला. ढोंग करणारा माणूस एवढा येळ ढोंग करू शकत नाय, भूक लागते त्याला.

पण खरं सांगू? तिसऱ्या चमच्याला माझं काळीज हललं. अकरा साल मी ह्यांचं पान वाढलं, ते अठरा वडे खाणाऱ्या पुंजारामाचं. तसेच व्हते ते, तरणेपणी. पण शेवटच्या दोन महिन्यांत ते तसे नव्हते. मी त्यांना चमच्यानं पेज पाजत व्हते. असाच एक चमचा तोंडात धरून बसायचे, माझ्याकडं बघत. चौथ्या चमच्याला हात वर करायचे, "बस, द्वारका. भरलं." ते पुंजाराम मी इसरले व्हते. का इसरवले व्हते, म्हणा. काल ते जेवायला आले. घाई नाय, वडा नाय, नुसते बसलेले.

मंग मी इचारलं, "पोट भरलं का?" आन तुम्ही चमचा ठेवून हात वर केला, "भरलं." तुम्हाला ठावं नव्हतं. मला मात्र पदर तोंडाला लावावा लागला.

त्यानंतर मी खरी गोष्ट इचारली. "पोरीला पाठवू का? तुम्हाला मान्य हाय का?" श्रेयाचा हात धरून सुदर्शन उभा. तुम्ही एक 'व्हय' म्हणले असते तर काम झालं असतं. कुणी तपासलं असतं? पण तुम्ही म्हणले, "वहिनी, पुंजारामच्या मनात काय आहे, ते मला माहीत नाही. मी तृप्त आहे, एवढेच माहीत आहे."

तवा मला तुमचा राग आला. खोटं सांगते कशाला? मंग भांडी आवरता आवरता इचार केला. हा माणूस पट्ट्याचं खरं बोलला, आन 'ठावं नाय' हे बी खरंच बोलला. म्हणजे ह्यांचं उत्तर कुणाकडंच नाय. कावळ्याकडं नाय, तुमच्याकडं नाय. मंग उरले कोण? मीच. रूपाच्या टायमाला मला कुणी इचारलं नव्हतं. औंदा बी मी सोताला इचारायचं सोडून गावभर इचारीत फिरले.

उद्या सुदर्शन श्रेयाला घेऊन येतो. चोवीसच्या आत. तुमच्याकडं दोन घटका टेकतील, चहा पाजा. हुकूम माझा हाय, ह्यांचा नाय. आन पुढल्या पंचमीला पान लहान मांडते, येळ मोठा ठेवते.

तुमची वहिनी,
द्वारकाबाई

(गुरुजी आजोबा, 'हुकूम माझा हाय' हे आजीने दोनदा लिहायला सांगितलं. जागा नव्हती म्हणून एकदाच लिहिलं. – श्रेया)


॥ श्री ॥
पडेगाव
१२ ऑक्टोबर २०२५

श्रीमती द्वारकावहिनींना नमस्कार.

चि. श्रेया दर रविवारी येते. येताच माझ्या जेवणासमोर घड्याळ मांडून बसते. भानुमतीला या सेवेतून निवृत्ती मिळाली आहे. परवा मी बाविसाव्या चावण्याला घास गिळला. "आजोबा, तीन बाकी आहेत," असे ती म्हणाली, आणि मी, ज्याने हजारो विद्यार्थ्यांचे उच्चार दुरुस्त केले, निमूटपणे ओशाळलो. पट्ट्याची डबी कुठे आहे, पाणी किती भरतात, हे ती डॉक्टरांना स्वतः विचारून आली. वजन डॉक्टरांनी ठरवलेल्या एकोणनव्वदवर येईपर्यंत ती मला सोडणार नाही, असे दिसते.

आणि ते आपले 'भरलं'. मी हात का वर केला, हे मलाही ठाऊक नव्हते. पिशवी भरली होती, एवढेच. आपले पत्र वाचल्यापासून रोज जेवण संपवताना तोच हात आपोआप वर जातो, आणि पुंजारामसोबत जेवल्यासारखे वाटते.

आता पत्रे कोण लिहून देणार, ही चिंता मात्र आहे. आपला लेखनिक मी पळवला.

आपला,
श्रीनिवास


देवगाव रंगारी
२५ ऑक्टोबर २०२५

भावजींना द्वारकाबाईचा नमस्कार.

दिवाळी झाली. श्रेया आली व्हती, पांढरे बूट घेऊन. घरात समद्यांचं बीपी तपासलं, बैलाचं तेवढं राहिलं.

तुमची फिकीर मिटवते. भाऊबिजेला रूपा आली. मी म्हणलं, "भावजींना पत्र लिव्हायचं हाय, श्रेया नाय." ती म्हणली, "आई, मी लिहिते की." मी बघतच राहिले. एवढी वरसं मी श्रेया मोठी व्हायची वाट पाहिली, पण पोटच्या पोरीला एक पत्र लिव्हायला सांगितलं नाय. लाज वाटायची मला, तिच्या हातात पेन देताना.

हे समदं तिच्या हातचं हाय. अक्षर बघा. दोन ठिकाणी खोडलंय, तिथं डोळ्याचं पाणी पडलं. तिचं का माझं, ते नाय सांगत.

तुमची वहिनी,
द्वारकाबाई

(श्रीनिवासकाकांना रूपाचा नमस्कार. सव्वीस वर्षांनी एवढं मोठं काहीतरी लिहिलं, हात दुखतोय. आई म्हणते, आजच्यापुरतं भरलं. मी म्हटलं, माझं नाही भरलं. सिल्लोडहून दर महिन्याला येईन, आई सांगेल आणि मी लिहीन. – रूपा)